रुखवतातून वजा झालेली आई

माझ्या सख्ख्या आईला मी एका क्लिकमध्ये नाहीसं केलं आणि वर फाइल सेव्हही केली.

वसमतला एका इंजिनिअरच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर घरांची थ्रीडी मॉडेलं बनवतो. धाकट्या बहिणीचं, वैशालीचं, लग्न कळमनुरीला ठरलं आणि घरात रुखवताची चर्चा सुरू झाली. लोकरीचे ससे, काड्यांची बैलगाडी, साखरेची फळं ही सगळी कामं नात्यातल्या बायकांनी आधीच वाटून घेतली होती. वैशालीनं मला एकच गोष्ट मागितली.

"दादा, आपलं हट्टा गावातलं घर करून दे, लहानसं. अण्णा बाजेवर, म्हैस गोठ्यात, अन् आई दारात पायजे. म्या कॉलेजातून उशिरा आले की कमरेवर हात ठेवून उभी राहती ना, तशीच. ती दिसली की मला सासरी करमंल."

माझ्या नोकरीचा घरात कुणाला तरी उपयोग दिसला होता! मी लगेच कामाला लागलो. आई मात्र लाजली.

"मला काहून उभं करून राहिला रे? अन् करायचंच असंल तर जराशी बारीक कर."

केली बारीक. (आईसाठी मुलानं एवढं तरी करावं.) प्लास्टिकमध्ये असं मॉडेल छापून देणारं दुकान नांदेडला आहे. तिथला दुकानदार फाइल बघून म्हणाला, "भाऊ, बाईचे पाय लई पातळ हायेत, मोडतील. दाराला चिकटवून टाका." आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वस्तू जोडून एक करता येतात, त्याला युनियन म्हणतात. मी आईला आणि तिच्या मागच्या बंद दाराला एकजीव करून टाकलं. तिची कोपरंही दोन्हीकडच्या भिंतीत थोडी रुतवली. आमच्याकडे अधूनमधून जमीन हादरते, तशी हादरली असती तरी ही आई पडली नसती.

मग वडील, म्हणजे अण्णा, स्क्रीनसमोर येऊन बसले.

"लग्नघराचं दार बंद काहून ठेवलं? पावणे काय भिंतीवरून उड्या मारतील?"

मुद्दा बिनतोड होता. एका वस्तूतून दुसरी कोरून काढायची तर सबट्रॅक्ट वापरायचं. आधी राहणारी वस्तू निवडायची, मग जाणारी. मी भिंत ठेवली आणि दार काढलं. दार आणि आई आता एकच आहेत, हे मी स्वतः जोडूनसुद्धा विसरलो! तेवढ्यात अण्णांनी घाई लावली, "वरून दाखीव. पत्रे बराबर आले का ते बघू." मी घर वरून दाखवलं. पत्रे झकास आले होते. अण्णा खूश, मीही खूश. फाइल सेव्ह केली, बंद केली आणि नांदेडला धाडून दिली. एकदा बंद केलेल्या फाइलमध्ये झालेलं मागे घेता येत नाही.

हळदीच्या दिवशी खोकं आलं. पिवळ्या हातांच्या सगळ्या बायका भोवती गोळा झाल्या. मी जादूगारासारखं झाकण उचललं.

"आई कुठंय?" वैशालीनं विचारलं.

दाराच्या जागी भोक होतं, आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना भिंतीत कोपरांच्या आकाराच्या दोन खाचा. आई चष्मा लावून पुढे आली.

"तुझे अण्णा हायेत. म्हैस हाय. म्हशीचं दावं सुदिक हाय. म्या न्हाई!"

"आई, तू दाराबरोबर चुकून..."

"बारीक कर म्हणले व्हते रे. गायब कर न्हाई म्हणले!"

बायका हसून हसून वाकल्या. वैशाली तेवढी हसली नाही. ती त्या भोकाकडेच बघत राहिली.

काहीतरी करायलाच हवं होतं. मी कणीक मळली, तिची आई केली, हळदकुंकू लावलं आणि भोकात बसवली. दुसऱ्या दिवशी मांडवात दुपारच्या उन्हानं ही आई आधी सुकली, मग तडकली, मग म्हशीच्या बाजूला कलली. शेजारीच साखरेची फळं होती. वैशालीच्या सासूबाई रुखवत बघायला वाकल्या आणि किंचाळल्या,

"अगं बाई! विहीणबाईला मुंग्या लागल्या!"

मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पंगतीत वाढत असलेली माझी खरी आई पातेलं तिथंच टाकून पदर झटकू लागली. जेवणारे उठून उभे राहिले. कुणीतरी पावडर आणायलाही पळालं!

पाठवणीच्या वेळी मी वैशालीला म्हणालो, "नवीन छापून देतो. आईसकट देतो."

"नवीन मग देशील रे दादा," ती म्हणाली. "मला आई आज न्यायची व्हती."

तिनं ते भोकाचं घरच मांडीवर घेतलं आणि गाडीत बसली. आई दारात उभी होती, पण हात कमरेवर नव्हते, पदर तोंडाला लावलेला होता. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं. सॉफ्टवेअर शिकलो, सराव केला, पगार घेतला, आणि बहिणीनं मागितलेली एक गोष्ट धड देता आली नाही.

पुढं मी घर नव्यानं केलं. आई दारात, हात कमरेवर, चारही बाजूंनी तपासलेली. स्वतः कळमनुरीला नेऊन दिलं. वैशालीनं ते कौतुकानं कपाटात काचेआड ठेवलं. जुनं मात्र टीव्हीशेजारी तसंच होतं.

"ते टाकून दे ना आता," मी म्हणालो.

"टाकू कशी? समद्यांची आठवण हाय त्याच्यात."

इतक्यात शेजारची बाई विरजण मागायला आली. वैशालीनं उत्साहानं तिला जुनं घर दाखवायला घेतलं. "हे आमचे अण्णा. ही आमची म्हैस." मग त्या भोकात बोट घालून म्हणाली, "अन् हा माझा दादा."