माझ्या साडूंचा वाकडा रस्ता

सपाट कुवेतमध्ये डोंगर शोधून काढणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या नशिबी साडू म्हणून आला. नाशिककडच्या घाटांत रस्ते बांधण्यात उमेदीची वर्षं गेलेली. इथेही त्यांना चढ-उतारच दिसत. सलवा भागातल्या त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा पत्ता सांगितला तो असा, की चढ लागला की डावीकडे आणि उतार संपला की तिसरी इमारत. मी अब्बासियातल्या माझ्या घरून निघालो आणि चढ शोधत भलत्याच टोकाला, मिरकाबला पोचलो. बायकोने दोष मलाच दिला. त्यांच्या गल्लीतला तो वीतभर उंचवटा म्हणजे चढ, हे मला अजून पटलेलं नाही.

आम्ही दोघं एकाच मालकाकडे. मी ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळायचो, ते रस्ते. उत्तरेकडच्या बुटक्या टेकड्यांखाली मालकाचं उंटांचं शेत होतं. तिथवर कच्चा रस्ता आखायला सांगितला, तर हे तीन दिवस उंटांच्या मागे पायी हिंडले आणि मग असा रस्ता काढला की समोर शेत दिसतंय आणि गाडी त्याच्याकडे पाठ करून चाललीय. मला घेऊन गेले तेव्हा दर वळणाला थांबून कोरड्या वाळूकडे बोट दाखवत, "हा ओढा." मला दोन दगड दिसले. तो म्हणे काठ होता. मालकही माझ्याइतकाच चक्रावला. रस्ता सरळ करा, नाहीतर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढवणार नाही, असं त्याने बजावलं. इकामा नाही म्हणजे गाशा गुंडाळायचा. मेहुणी रडली, मी हातापाया पडलो. साडू एवढंच म्हणाले, "साडूबुवा, पाण्याच्या वाटेत रस्ता घालून मी खाली सही करणार नाही." दोन महिन्यांत ते नाशिकला परतले आणि दुसऱ्या इंजिनियरने सरळ रस्ता केला.

यंदा हिवाळ्यात शेतावरचे कॅमेरे बिघडले म्हणून मालकाबरोबर गेलो आणि परतताना धो धो पाऊस लागला. बघता बघता सरळ रस्ता चार ठिकाणी वाहून गेला. ड्रायव्हरने न विचारता गाडी जुन्या वाकड्या रस्त्याला घातली आणि आम्ही सुखरूप बाहेर आलो. 

मी लगेच नाशिकला फोन लावला. वाटलं, खूश होतील. त्यांनी विचारलं, "तिसऱ्या वळणाशी पाणी डावीकडून आलं की उजवीकडून?"

 भीतीने मी डोळे मिटून बसलो होतो, तसं कबूल केलं.

 ते हळूच म्हणाले, "मी तो ओढा वाहताना कधी पाहिलाच नाही हो."