गेटवरची वही

२३ ऑक्टोबर. तीनशे बारा डॉलर आणि चाळीस सेंट. एवढी रक्कम मी त्या दिवशी कडकच्या पगारातून कापली. सात दिवस बिनपगारी. सही मालकाची, आकडा माझ्या अक्षरातला. परदेशातल्या या लाँड्रीच्या हिशेबखात्यात मला तेवीस वर्षं झाली. बिनपगारी रजा शेकड्यांनी लावल्या असतील, लक्षात राहिली ती ही एकच.

कडक आमच्याकडे प्रेस मशीनवर. त्याच्या हातची कॉलर पुठ्ठ्यासारखी उभी राहायची, म्हणून ते नाव. माणूस मात्र अगदी मऊ. त्याची बायको एका वृद्धाश्रमात साफसफाईला, पहाटे साडेपाच ते दुपारी एक. त्याची पाळी दोन ते दहा. मुलगी दहा महिन्यांची, तिला सगळे गुंडी म्हणत. पाळणाघराची फी आईच्या पगाराहून जास्त, म्हणून दोघांनी दिवस वाटून घेतला होता. रोज पावणेदोनला तो गुंडीला बाबागाडीत घालून लाँड्रीच्या गेटवर यायचा आणि बायको बसमधून उतरून तिला ताब्यात घ्यायची. नवरा-बायकोची दिवसाउजेडी भेट काय ती तेवढीच.

माझी खोली गेटला लागूनच. मी खिडकीतून म्हणायचो, "सूनबाई, माल तपासून घे गं."

"रोजचाच माल, काका. वजन तेवढं वाढतंय."

"आणि आवाज," कडक म्हणायचा. "मी मशीनवर जातो तो कानाला आराम पडावा म्हणून."

सातव्या महिन्यात गुंडीला दोनदा आकडी आली होती. तेव्हापासून औषध सुरू होतं. सहा, दोन आणि दहा वाजता, दर वेळी मोजून अडीच मिली. गेटवरच्या घाईत तोंडी निरोप राहून जायचे, म्हणून मी त्यांना एक वही दिली. तारीख, वेळ, काय दिलं, कोणी दिलं, असे रकाने स्वतः आखले. पहिल्या पानावर नियम लिहिला: 'पूर्ण दिल्यावरच लिहावं. अर्धवट नोंद करू नये.' कॉमर्सला असताना आमच्या सरांनी हे डोक्यात ठोकून बसवलं होतं. वही गाडीखालच्या जाळीत असायची.

गावाहून आजीचा फोन यायचा, पोर माझ्याकडे पाठवा. कडक दाद द्यायचा नाही. मला म्हणायचा, "एकदा तिकडे गेली की मी फोनमधला बाप. मग इथे वाफ खायची ती कुणासाठी, काका?"

हल्ली बस उशिरा यायची आणि दोनचं औषध लांबायचं. म्हणून १४ ऑक्टोबरला कडकने ते सव्वा वाजताच घरी दिलं. गुंडीला सर्दी होती. तिने किती गिळलं, किती थुंकलं, कळेना. त्याची बाही ओली झाली. त्याने पेन उचललं आणि परत ठेवलं, कारण पूर्ण दिलं गेलं नव्हतं. गेटवर बायकोला सांगायचं असं त्याने ठरवलं.

ती धावत आली तेव्हा दोनचा भोंगा वाजत होता. तिने आधी माझ्या खिडकीत चहाची पुडी सरकवली. मीच मागवली होती.

"सहा ऐंशी झाले, काका. उद्या द्या."

तेवढ्यात मुकादम कडकवर ओरडला आणि तो आत पळाला. तिने वही उघडली. दोनची ओळ कोरी. माझ्याच खिडकीच्या कठड्यावर बाटली ठेवून तिने अडीच मिली मोजलं, पाजलं आणि रकान्यात नीट लिहिलं.

"शाब्बास," मी म्हणालो.

चार वाजता तिचा फोन आला. "काका, ह्यांना बोलवा. गुंडी उठत नाहीये."

दोनचं औषध तिच्या पोटात दोनदा गेलं होतं. गुंडी सात दिवस नळ्या लावून दवाखान्यात होती. वाचली. सातव्या दिवशी बालकल्याण कार्यालयाच्या बाई आल्या. दोघांना इथली भाषा जेमतेम येत होती, म्हणून दुभाषा मी. बाईंनी वहीचं पहिलं पान उघडून विचारलं, हे काय आहे? मी वाचून सांगितलं. त्यांनी विचारलं, हे लिहिलं कुणी?

मी कडककडे पाहिलं. प्रश्न त्याला मराठीत सांगितला.

"मीच लिहिलं म्हणून सांगा," तो म्हणाला. "तुमच्या नोकरीचे आठच महिने राहिलेत. तुम्हाला कशाला यात ओढायचं?"

मी बाईंना तसंच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं: वडिलांनी स्वतःच चुकीचा नियम केला आणि त्यामुळे आधी दिलेल्या औषधाची नोंद झाली नाही.

निकाल असा लागला की मूल घरी न्यावं, पण गेटवर असं हातोहात देणं बंद. आई-वडिलांपैकी एकाने कायम घरी राहावं. एका पगारात तर खोलीचं भाडंही सुटत नव्हतं. नोव्हेंबरच्या अखेरीस सूनबाई गुंडीला घेऊन आजीकडे गेली. खरं सांगितलं असतं तर निकाल वेगळा लागला असता का, मला माहीत नाही. मी कुणाला विचारलेलं नाही.

कडक अजूनही पावणेदोनला गेटवर येतो आणि फोन समोर धरून उभा राहतो. गुंडी आता चालते. फोन दाखवला की ती तोंड फिरवून आजीच्या पदरात शिरते. भोंगा झाला की तो फोन खिशात टाकतो आणि माझ्या खिडकीकडे न बघता आत जातो.

चहाच्या पुडीचे सहा ऐंशी मी सूनबाईला अजून देणं लागतो.