काचेपलीकडचा चाफा

बसमध्ये शेजारच्या बाईंनी बाहेर बघता बघता काचेवर तळवा टेकवला आणि मला आई आठवली.

काही वर्षांपूर्वी मी तिला गोव्याला नेलं होतं. तिथं एकाच मालकाची दोन आलिशान हॉटेलं समोरासमोर होती. एकात कॅसिनो, काचेची लिफ्ट, आठव्या मजल्यावरची खोली; दुसरं बैठं, झाडांतलं. दोन्हींचे फोटो मी आईला दाखवले. ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? तू शिकलेला, तूच ठरव." घरातला पहिला पदवीधर मी, त्यामुळे अगदी पंखासुद्धा मीच निवडायचो. मी कॅसिनोवालं निवडलं. जुगार खेळायचा नव्हता; आईला झगमगाट दाखवायचा होता.

लिफ्टमध्ये तिनं डोळे मिटून घेतले. खोलीत आल्यावर मात्र ती काचेला हात लावून खिडकीशीच उभी राहिली.

"ही उघडत नाही का रे?"

"नाही गं, एसी आहे."

"बरं. तिकडं बघ, चाफ्याचा सडा पडलाय. माणसं गवतावर पाय सोडून बसलीत."

हवं तर तिकडची खोली देऊ, असं काउंटरवरच्या मुलीनं आधीच सांगितलं होतं. मी विचारलं, "जायचं का तिकडं?"

आई चटकन वळली. "कशाला? तू निवडलंस ना, मग हेच चांगलं."

मला ते कौतुक वाटलं. खूश होऊन मी तिचा फोटो काढला. आता तिला प्रवास झेपत नाही. फोटोत ती माझ्याकडे बघून हसतेय. तळवा मात्र अजून काचेवरच आहे.