अर्ध्यावरचा काटा

किश्श्यांचं नटबोल्टांच्या डब्यासारखंच असतं. कोणी मुद्दाम जमवत नाही. एकेक टाकत जातो आणि एक दिवस झाकणच लागत नाही! नालवाडीतल्या वासुदेव मिस्त्रींच्या गॅरेजात मी गेले आठ महिने दर रविवारी जाते आहे. काम एकच. किस्से मात्र डबाभर.

काम असं. माझा नवरा, सुधाकर, गेला. मागे त्याची जुनी, दोन सिलिंडरची मोटारसायकल राहिली. वयाने आमच्या लग्नाहून मोठी. भेटायला आलेले त्याचे मित्र मेश्राम सर निघताना सहज म्हणाले, "मॅडम, गाडी उत्तम ठेवली होती त्याने. फक्त आरपीएम मीटर जुळत नाही. इंजिन एक सांगतं, काटा दुसरंच."

त्याचं एक काम राहून गेलं, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. त्यानंतर रविवारी मला घरात बसवेना.

*

मीटर इंजिनाचे फेरे दाखवतं. ते फेरे मीटरपर्यंत पोचवायला केबलच्या तळाशी एक छोटा गिअरबॉक्स असतो. गॅरेजात त्याला 'डबी' म्हणतात. आमच्या मीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरात २:१ लिहिलंय. इंजिनाचे दोन फेरे, तेव्हा केबलचा एक. डबीही त्याच हिशोबाची हवी, नाहीतर काटा खोटं बोलतो.

एवढं कळल्यावर मी मिस्त्रींना म्हटलं, "मग डबी बदला."

"पाहू."

पुढच्या रविवारी, "पाहून राह्यलो." त्याच्या पुढच्या रविवारी मी सकाळी सात वाजता गॅरेजच्या शटरसमोर उभी! मिस्त्री तोंडात ब्रश घेऊन बाहेर आले. "वैनी, काऊन एवढी घाई? गाडी कुठं पळून राह्यली का?"

मी म्हटलं, "पळत नाही, म्हणून तर आले."

*

शेवटी गाडीत बसवलेली डबीच आधी मोजायचं ठरलं. मिस्त्रींनी केबलच्या टोकाला पांढरा ठिपका लावला. मेश्राम सर इंजिन हाताने फिरवणार, आणि केबलचा एक फेरा पुरा होईपर्यंत इंजिनाचे किती होतात ते गुलाबराव मोजणार. गुलाबराव म्हणजे आर्वी डेपोतून रिटायर झालेले एसटी ड्रायव्हर. गॅरेजात त्यांचं काहीच काम नसतं, म्हणून ते रोज असतात.

सर फिरवू लागले. मी वही घेऊन उभी. तेवढ्यात दारातून चहावाल्याने ओरडून विचारलं, "किती?"

"चार!" गुलाबराव म्हणाले.

मी वहीत चार लिहिलं. सरांनी हात थांबवला. "गुलाबराव, हे चार चहाचे की इंजिनाचे?"

"मले तं चहाचेच मालूम हाय!"

पुन्हा मोजू, असं मी म्हणेपर्यंत मिस्त्रींनी ठिपका पुसूनसुद्धा टाकला. "चहा घ्या पह्यले." त्यांची ही चपळाई मला तेव्हा खटकली नाही.

*

मेश्राम सर आयटीआयमध्ये शिकवत. हाताचा भरवसा नको म्हणून त्यांनी उजेडावर चालणारं यंत्र आणलं. इंजिनाच्या फिरत्या चाकावर चकचकीत पट्टी चिकटवायची, समोर यंत्र धरायचं, फेऱ्यांचा आकडा येतो.

सरांनी यंत्र धरलं. आकडा आला, सहा हजार! अगदी स्थिर.

"वा!" सर म्हणाले. "काय इंजिन ठेवलंय!"

मिस्त्री किल्ली बोटात फिरवत म्हणाले, "सर, मी अजून चालू नाई केली."

यंत्र ट्यूबलाइटची थरथर मोजत होतं. गुलाबरावांनी मात्र गाडीला हात जोडले. "बंद गाडी सहा हजार देते, मंग चालू कायले करता?"

*

एकदा मिस्त्रींनी भंगारातली एक डबी आणून बसवली. गाडी सुरू केली, तर काटा शून्याच्याही खाली रेटून बसला. डबी उलट्या फेऱ्याची निघाली होती.

"वैनी, गाडी मांगं चालून राह्यली!"

"चांगलंच हाय की," गुलाबराव म्हणाले, "वर्षभर मांगं नेऊन पाहा."

मग त्यांच्या लक्षात आलं. टोपी काढून झटकत ते उगाच बाहेर गेले. मी वहीत लिहिलं: उलटी, चालणार नाही.

*

गुलाबरावांना मीटरचं कौतुक नाही. "तीस वर्षं एसटी चालवली, काट्याकडं पाह्यलंच नाई. रस्त्याकडं पाहू का काट्याकडं?" इंजिनाचा आकडा ते कानाने सांगतात. जुनी डबी परत बसवून मिस्त्रींनी गाडी अंगणात, उन्हात आणली. गुलाबरावांनी डोळे मिटले. "चार हजार."

सरांच्या यंत्राने उन्हात दाखवलं, चार हजार दहा!

"दहा कायचे?" गुलाबराव चिडले.

काटा दोन हजारावर होता. बरोबर अर्धा. म्हणजे मीटर दोनास एक, डबी चारास एक.

*

परवा मी मिस्त्रींना सरळ सांगितलं, "डबी मिळत नसेल तर मी नागपूरला जाऊन शोधते. त्याचं काम मला आता पुरं करायचंय."

मिस्त्री स्टुलावर चढले. वरच्या फळीवरून पेपरात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. डबी! दोनास एकची, तेल लावून ठेवलेली.

"ही कुठून आणली?"

"आणली नाई, वैनी. याच गाडीची हाय. मीच काढलती."

"का?"

"सुधाभाऊनं काढाले लावली." मिस्त्री डबीकडे पाहत बोलत होते. "तुमी मांगं बसून काटा पाहत होत्या म्हणे. तीन हजाराच्या वर गेला का खांद्यावर टपली! सुधाभाऊ म्हणे, मिस्त्री, गाडी हाय तशीच राहू दे, काटा तेवढा समजदार कर!"

स्पीडोमीटर पहिल्यापासूनच बंद. मी पाहायचे तो हाच एक काटा. एकदा पवनारला जाताना वारा फार लागतोय म्हणून मी ओरडले होते. सुधाकर म्हणाला, "नदी जवळ आली ना!" काटा तीनवर होता. मी स्वतः पाहिला होता.

"म्हणजे काम राहिलं नव्हतं?"

"राह्यलं कुठं? मोठ्या हौसेनं केलतं!"

"तीन म्हणजे खरे किती?"

"सहा."

"पवनारला, धाम नदीच्या पुलावरसुद्धा?"

मिस्त्रींनी गुलाबरावांकडे पाहिलं. गुलाबराव खाकरले.

"पुलाचं मी सांगतो. एकदा नागपूरची एसटी घेऊन मी मांगंच होतो, वैनी. सुधाभाऊले हाक द्याव म्हणून लय हॉर्न वाजवला. तुमी दोघं सापडलेच नाई!"