संक्रांतीच्या आठवड्यातलं अंदमान

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटावर आतून एक फोटो चिकटवलेला आहे. ओल्या वाळूवर रणगाड्याच्या पट्ट्यासारखी खूण, समुद्रातून वर आलेली. अंडी घालायला आलेल्या कासविणीची. फोटो बायकोच्या मैत्रिणीने अंदमानहून आणला. ती खूण बायकोला स्वतः पाहायची होती. पाहिली नाही, ती माझ्यामुळे.

बायको शाळेत विज्ञान शिकवायची. रविवारी माळरानावर दुर्बीण घेऊन पक्षी बघत बसायची. एकोणीस वर्षांपूर्वी तिच्या पक्षी बघणाऱ्या मंडळींचं अंदमान ठरलं, जानेवारीत, संक्रांतीच्याच आठवड्यात. कासवं तेव्हाच येतात. आम्हा दोघांचीही नावं दिली होती. मी वळसंगचा, कोरडवाहू गावातला. पोहता येत नाही. तलावाकाठच्या आमच्या देवळातसुद्धा मी पाण्याकडे न बघता जातो. बोटीत दोन तास बसायचं या विचाराने मला जेवण जाईना. पण भितो म्हणून सांगायची लाज वाटली.

तेव्हा मी संक्रांतीला त्या देवळाच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजाचा उंच, जड खांब पेलायचो. आम्ही त्याला काठी म्हणतो. त्या वर्षी खांदा दुखावला होता आणि गल्लीतले वडीलधारे म्हणाले होते, "यंदा विसावा घे. काठी कुठं पळून जात न्हाय." मी घरी येऊन उलटं सांगितलं. म्हणालो, "मोठ्यांनी शब्द घेतलाय. यंदाच नाही, जमेल तोवर दर संक्रांतीला." मग परत जाऊन, मला काठीची दोरी तरी धरू द्या, म्हणून त्यांच्या विनवण्या केल्या.

देवापुढे बायको कसली बोलणार? सणाला मला एकट्याला सोडून कसं जायचं, म्हणून स्वतःचंही नाव तिने काढून घेतलं. तेव्हापासून दर वर्षी माझी काठीबरोबर घालायची पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांचा अंगरखा, ती सोवळ्यातल्यासारखी धुते, खळ घालते, इस्त्री करते. आता मी काठीमागून नुसता चालतो, तरीही.

यंदा दिवाळीआधी पुण्याहून मुलीचा फोन आला. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन फेब्रुवारीत आहे. त्यानंतर वाळूत किती चालता येईल, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणून त्याआधी अंदमान. कासवं दाखवणाऱ्या माणसाकडे एकच आठवडा मोकळा होता, संक्रांतीचा.

"नाही गं," बायको म्हणाली. "तुझ्या अप्पांचा गड्डा असतो."

"आई, अप्पा आता मागनं चालतात की नुसते."

"चालू देत. शब्द दिलेला आहे."

"रविवारपर्यंत विचार कर. मग तो माणूस आठवडा दुसऱ्या कुणाला देईल."

मी शेजारीच बसलो होतो. गप्प राहिलो असतो तर तीच सहल दुसऱ्यांदा मोडली असती, आणि या वेळी कायमची. तरी चार दिवस गप्प राहिलो. नाही म्हणूनही तिने बरोबर न्यायच्या सामानाची यादी करून फ्रिजवर लावली होती: दुर्बीण, टोपी, शेंगाचटणी, बोटीत मळमळलं तर चघळायला कडक भाकरी. तिसऱ्या दिवशी ती यादी चहाच्या डब्याखाली घडी घालून ठेवलेली दिसली. बाहेर काढलेली दुर्बीण परत कपाटात गेली होती.

रविवारी सकाळी ती गच्चीवर बाराबंदीला ऊन दाखवत होती. मी सांगून टाकलं. खांदा, विसावा, बोटीची भीती, न दिलेला शब्द. सांगताना कठडा धरून उभा होतो.

रागावली की ती कन्नडवर जाते. "साक", म्हणजे पुरे, म्हणून मला गप्प करते. त्या दिवशी गेली नाही. शाळेत बोलायची तशा मराठीत म्हणाली, "म्हणजे एकोणीस वर्षं मी हे कुणासाठी धूत होते?"

तिने बाराबंदी दोरीवरून काढली आणि घडी न घालता माझ्या हातात दिली.

"पोरीला फोन लावा. तुम्हीच सांगा."

"काय सांगू?"

"मला सांगितलंत तेच."

सांगितलं. मुलगी स्पीकरवर म्हणाली, "अप्पा, तिकिटं किती काढू?"

"दोन," बायको मागून म्हणाली. "तू आणि मी. अप्पांना गड्डा आहे."

"तीन काढ," मी म्हणालो.

"बोट आहे. दोन तास."

"माहीत आहे."

"खाली खोल पाणी आहे."

"माहीत आहे गं."

ती खाली निघून गेली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मुलीने तीन तिकिटं काढली.

त्याला महिना झाला. बायको माझ्याशी कामापुरतं बोलते. यादी पुन्हा फ्रिजवर लागली आहे. तिच्यात कडक भाकरी आहे, पण ती कुणाच्या वाट्याची हे विचारायचा धीर मला होत नाही. बाराबंदी मी स्वतः धुतली, खळ घातली. घड्या वाकड्या आल्या. तिने त्या पाहिल्या आणि सरळ न करता कपाट लावून घेतलं. संक्रांतीला काठ्या निघतील तेव्हा मी पाण्यावर असेन. जेवण आत्तापासूनच जात नाही.