दादांचं काजळ

गाडी निघायला दहा मिनिटं होती तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिशातून एक कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली. विश्रांतवाडीतल्या आमच्या खोलीत बाकी सगळे चटणी, लोणचं आणि स्वेटर कोंबण्यात गुंतले होते. सॉफ्टवेअरवाल्यांना अमेरिकेची दारं नुकतीच उघडली होती आणि आमच्या गल्लीतून जाणारा मी पहिलाच. दादा म्हणाले, "आमच्या नाटकातली नायकाची पदं आहेत, मी म्हटलेली. करमलं नाही तर लाव. करमलं तर राहू दे."

करमलं नाहीच. न्यू जर्सीच्या अपार्टमेंटमध्ये लाँड्रीच्या घड्या घालताना मी ती कॅसेट लावायचो आणि हातातला शर्ट तसाच राहायचा. तुमच्यापैकी जे इकडे आलेत त्यांना हे सांगायला नको. जे तिकडे राहिलेत त्यांना वाटतं, आम्ही मजेत आहोत.

दादा हडपसरच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथे साहेब आणि कामगार मिळून दरवर्षी एकच जुनं संगीत नाटक करायचे. नायक व्हायचे पेठेतले एक साहेब आणि दादा त्यांचा खेडवळ नोकर. काजळात खोबरेल कालवून तोंडाला फासायचं, "व्हय जी धनी" म्हणत धडपडायचं, लाथ खायची, की हॉल खदखदायचा. मीही हसायचो आणि शेजारच्याला अभिमानाने सांगायचो, ते माझे वडील. आई कधी नाटकाला आली नाही. दुसऱ्या दिवशी ती शर्टाची कॉलर घासत बसायची आणि म्हणायची, "हा डाग कसला निघतोय." पदं मात्र दादा फक्त मोरीत म्हणायचे, दार लावून.

पुढे बऱ्याच वर्षांनी इथल्या मराठी मंडळाने नेमकं तेच नाटक घेतलं. नोकराची भूमिका मी मागून घेतली. दादांच्या जागी उभं राहिलं की जरा त्यांच्या जवळ गेल्यासारखं वाटेल, एवढाच लोभ. रंगीत तालमीच्या संध्याकाळी बेसिनपाशी काजळ फासत होतो, तर माझी तेरा वर्षांची मुलगी दारात येऊन थांबली. पूर्वी इथल्या म्युझिकल्समध्ये गोरे नट तोंड काळं करून काळ्या माणसांची टवाळी करत, हे ती शाळेत शिकली होती. ती म्हणाली, "बाबा, यू कान्ट." मी चिडलो. हे इथलं नाही, आपलं नाटक आहे, आपल्यात काळे-गोरे नसतात, असं बरंच सुनावलं.

"मग नोकरच काळा का?" तिने विचारलं.

आपल्यात काय असतं, हे बौद्ध घरात वाढलेल्या मला कुणी शिकवायला नको होतं. तरी मी दादांना व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात सकाळ होती, त्यांची वंदना नुकतीच झाली होती. ते हसण्यावारी नेतील, सोंग ते सोंग म्हणतील, याची मला खात्री होती. त्यांनी स्क्रीनवर माझं तोंड पाहिलं.

"पुसून टाक," ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीही लावायचात की. "साहेबांचा सूर गेला की विंगेतून मीच धरायचो. वाटायचं, एकदा तरी कुणी म्हणेल, यंदा तू नायक हो. कुणी म्हटलं नाही, आणि स्टेज सोडवत नव्हतं. म्हणून फासायचो." मग हळूच म्हणाले, "पोरीने विचारलं, बरं केलं."

मी तोंड धुतलं. नोकर तसाच, स्वच्छ तोंडाने केला. लाथही काढायला लावली. क्लासिकला हात लावला म्हणून मंडळातले दोघेतिघे अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

पण त्या संध्याकाळी फोन ठेवण्याआधी मी दादांना म्हटलं, नायकाचं पद म्हणा ना. आढेवेढे न घेता त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. मुलगी मला टेकून ऐकत होती. कॅसेटमुळे ते पद मला श्वासांसकट पाठ होतं, पण ते म्हणताना दादा कसे दिसतात हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो.

दादा आता नाहीत. कॅसेटही घासून गेली. घर म्हटलं की मला ती खोली नंतर आठवते, आधी तो चेहरा येतो. त्याच्यावर काही फासलेलं नव्हतं.