हौदापाशी

लग्नानंतर पहिल्यांदाच सासूबाई मला मलकापूर दाखवायला घेऊन गेल्या. आमचं खेडं तिथून जवळच. पण मी लोणारकडची, मला ते शहर परकंच. एसटीतून उतरताच त्यांनी बजावलं, "चुकामूक झाली तं हौदापाशी यायचं. आपल्या घरचे सारे तिथंच भेटतात." मी मान हलवली. एवढा मोठा गुराढोरांचा हौद, दिसेलच की, असं मला वाटलं.

त्या पुढे, मी मागे. स्टेशन रोड, कापडाची दुकानं, सराफा. प्रत्येक कोपऱ्यावर त्यांचं काहीतरी होतंच. इथं तुह्या सासऱ्यानं मले पहिल्यांदा चहा पाजला, इथं माही पोत घडवली. बाईंना त्या दिवशी दुखरे गुडघे आठवतच नव्हते. पुढे बांगड्यांच्या गल्लीत मी घटकाभर रेंगाळले, मान वर केली तर त्या कुठेच नाहीत.

आधी हसूच आलं. मग खांद्यावरची पिशवी हाताला लागली. डबा माझ्याकडे होता. सकाळी इन्सुलिन टोचून त्या नुसत्या बिनसाखरेच्या चहावर निघाल्या होत्या, उतरल्यावर खाऊ म्हणाल्या, आणि फिरण्याच्या नादात आम्ही दोघीही विसरलो. सुईनंतर पोटात काही गेलं नाही तर काय होतं, ते मी घरी एकदा पाहिलं होतं: दरदरून घाम, डोळे फिरलेले, हाकेला ओ नाही. फोन त्या बाळगत नाहीत. नवऱ्याला लावला, तो उचलेना.

"हौद कुठे आहे हो?" रिक्षावाल्याला विचारलं, मोबाइलच्या दुकानातल्या पोरांना विचारलं. कुणालाच माहीत नाही. एकाने पाण्याची टाकी दाखवली. धापा टाकत तिथे गेले, तर खाली नुसत्या मोटारसायकली. परत सराफा, परत कापडाची दुकानं. सकाळी ज्या गल्ल्या गोष्टी सांगत होत्या, त्यांची आता मला भीती वाटू लागली. चार माणसं घोळका करून उभी दिसली की आत सासूबाईच पडल्या आहेत असं वाटे, आणि मी लोकांना ढकलून आत डोकावे. रागही येत होता. एवढं मोठं शहर, आणि भेटायला म्हणे हौद!

शेवटी एका भाजीवाल्या म्हातारीनेच मला हटकलं. "हिरव्या साडीची सून तूच काय वं? तुही सासू तुले पाहून राह्यली. माही सून हारपली म्हणून साऱ्या बाजाराले सांगून गेली."

"कुठे आहेत त्या?"

"हौदापाशी."

"अहो पण हौद कुठे आहे?"

"तो तं कवाच तोडला, माय. ते झेरॉक्सचं दुकान दिसते ना, त्याची पायरी."

मी धावतच सुटले. त्या पायरीवर बसल्या होत्या. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम, हात लटलट कापत होते. शेजारी दुकानदाराने दिलेलं केळं तसंच, न सोललेलं.

"हे खाल्लं काऊन नाही?" माझ्या तोंडून पहिल्यांदाच त्यांची बोली निघाली.

"नवस बोलली," त्या कशाबशा म्हणाल्या. "सून सापडल्याबिगर तोंडात पाणी बी नाही घेणार. परक्याची लेक. तुह्या मायले काय सांगतलं असतं मी?"

मला इतका संताप आला की रडूच फुटलं. म्हणजे मी चुकत राहिले असते, तेवढा वेळ ही बाई मरणाच्या दारात बसून राहिली असती, तीही माझ्यासाठी. मी केळं सोललं आणि त्यांच्या तोंडात अक्षरशः कोंबलं.

"हळू वं," त्या म्हणाल्या.

केळं संपलं, डबा उघडला, हळूहळू हातांचा कंप थांबला. तेव्हा त्यांनी पायरीवर थाप मारली. "पाह्य, हौद नीट ध्यानात ठेव."

"ठेवला," मी म्हणाले, आणि एसटीत बसेपर्यंत त्यांचं मनगट सोडलं नाही.